चेक बॉबस्ले खेळाडूची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेक प्रजासत्ताकात बॉबस्लेचा ट्रॅक आहे का?

नाही. बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या वळणदार उतारावरून दोघांनी किंवा चौघांनी ढकलत सुटून घसरत नेण्याची गाडी, थोडक्यात 'बॉब', आणि तिची शर्यत. आंतरराष्ट्रीय शर्यत घेता येईल असा कृत्रिम बर्फाचा एकही ट्रॅक देशात नाही. सगळ्यात जवळचा ट्रॅक जर्मनीत, सॅक्सनीमधल्या अल्टेनबर्गला आहे. प्रागहून उत्तरेला निघायचं, तेप्लित्सेच्या पुढे क्रुश्ने होरीचा घाट चढायचा, त्सीनोवेत्सला सीमा ओलांडायची, की आलंच. गाडीने शंभरेक किलोमीटर.

अंतर कमी आहे, पण ट्रॅक दुसऱ्याचा आहे. बर्फावरचा वेळ आधी जर्मन संघांना, त्यांच्या ज्युनियरना आणि क्लबना मिळतो. उरलेला वेळ पैसे मोजून बाकीच्या देशांना. म्हणून चेक खेळाडूच्या कारकिर्दीचे सरळ दोन भाग पडतात: धावणं आणि ढकलणं घरी शिकायचं, चालवणं परक्या बर्फावर. पहिल्या भागात चेक खेळाडू कुणालाही हार जात नाहीत. खरी अडचण दुसऱ्या भागात आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती पुन्हा पुन्हा डोकावेल.

ट्रॅक नाही तर हा खेळ तिथे रुजला कसा?

घसरगाडीची परंपरा तिथे जुनी आहे, विशेषतः उत्तर बोहेमियात. ल्यूजची, म्हणजे उताणं झोपून पाय पुढे करून घसरण्याच्या खेळाची, पहिली युरोपीय स्पर्धा 1914 साली लिबेरेत्सला झाली; तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि रायखेनबर्ग या जर्मन नावानेच जास्त ओळखलं जाई. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या काळात 1935 मध्ये ऑस्ट्रियातल्या इग्ल्स इथल्या दोघांच्या बॉबच्या जागतिक स्पर्धेत देशाला रौप्यपदक मिळालं. ते दिवस नैसर्गिक बर्फाचे होते. डोंगर आणि थंडी असली की ट्रॅक उभा राहायचा. मग काँक्रीट आणि शीतकरणाचे पाइप आले, एकेका ट्रॅकचा खर्च प्रचंड झाला आणि छोटे देश मागे पडले.

बॉबस्लेत ऑलिम्पिक पदक चेकोस्लोव्हाकियालाही मिळालं नाही आणि 1993 नंतरच्या चेक प्रजासत्ताकालाही अजून मिळालेलं नाही. तरी संघ मात्र येत राहिले. पावेल पुश्कार, मग तोरिनो 2006 आणि व्हँकुव्हर 2010 ला इव्हो दानिलेविच, सोची 2014 आणि प्याँगचांग 2018 ला यान व्रबा, प्याँगचांग 2018 आणि बीजिंग 2022 ला डोमिनिक द्वोर्झाक, अशी पायलटांची, म्हणजे बॉब चालवणाऱ्यांची, साखळी आहे.

लहानपणापासून बॉबस्ले खेळतात का?

जवळजवळ कुणीच नाही. बहुतेक खेळाडू अठरा ते पंचविशीच्या दरम्यान, दुसऱ्या खेळातून येतात. चेक संघासाठी मुख्य झरा म्हणजे ॲथलेटिक्स: 100 मीटर धावणारे, डेकॅथलॉनवाले (दहा प्रकारांची एकत्र स्पर्धा खेळणारे), गोळाफेक आणि थाळीफेकवाले. डेकॅथलॉन तर तिथे घराघरांत माहीत असलेला खेळ. रॉबर्ट झ्मेलीक 1992 चा ऑलिम्पिक विजेता. रोमान शेबर्ले याने 2001 मध्ये ग्योट्झिसला 9026 गुण केले, 9000 ओलांडणारा जगातला पहिला माणूस, आणि 2004 ला सुवर्ण जिंकलं. अशा देशात 8000 च्या अलीकडे अडकलेले, पण वेगवान, ताकदवान आणि उडी चांगली असलेले तरुण बरेच असतात. बॉबस्लेला नेमके तेच हवे असतात.

100 मीटरचा अस्सल धावपटू बऱ्याचदा हलका पडतो. 75 किलोचा माणूस कितीही पळो, 170 किलोची बॉब जागची हलवताना त्याचा वेग उपयोगाला येत नाही. उलट गोळाफेकीवाला पहिली पाच पावलं जबरदस्त मारतो, पण वीस मीटरनंतर बॉब त्याच्या पुढे पळते. हवा असतो तो या दोघांच्या मधला.

निवड चाचणीत काय काय असतं?

देशागणिक थोडा फरक पडतो, पण गाभा सारखाच: 60 मीटर धाव, तीही टप्प्याटप्प्याने मोजलेली; 30 मीटर फ्लाइंग, म्हणजे आधीच वेग घेऊन कापलेले 30 मीटर; उभ्याने लांब उडी; दोन्ही हातांनी खालून पुढे गोळा फेकणं; पॉवर क्लीन आणि स्क्वॉट हे वजन उचलण्याचे प्रकार. मग चाकांच्या बॉबवर रुळांवरून प्रत्यक्ष ढकलणं.

नवखे पहिल्या 10 मीटरच्या आकड्यावर खूश होतात. प्रशिक्षक मात्र फ्लाइंग 30 कडे बघतो. बॉब एकदा सुटली की ती उताराने स्वतःच वेग घेते, आणि तिच्या मागे पळत असतानाही तिला आणखी ढकलता आलं पाहिजे. ज्याचा सर्वोच्च वेग कमी, तो शेवटच्या दहा मीटरात बॉबला लोंबकळतो. वरून पाहणाऱ्याला तो ढकलतोय असंच वाटतं, घड्याळ खरं काय ते सांगतं.

वजनाचा हिशोब नेमका काय आहे?

दोघांच्या बॉबला खेळाडू आणि सामानासह कमाल मर्यादा 390 किलो, चौघांच्या बॉबला 630 किलो. रिकाम्या बॉबचं किमान वजन अनुक्रमे 170 आणि 210. वजाबाकी केली तर दोघांसाठी 220 किलो उरतात, म्हणजे माणशी 110; चौघांसाठी 420, म्हणजे माणशी 105. हेल्मेट, बूट, सूट हे सगळं त्यातच आलं. म्हणून पुशर, म्हणजे ढकलणारे, साधारण शंभरीच्या आसपासचे दिसतात.

संघ हलका असेल तर बॉबमध्ये वजनं घट्ट बसवून मर्यादा गाठता येते. उतारावर जड बॉब जोरात जाते, त्यामुळे मर्यादेच्या खाली राहणं म्हणजे स्वतःहून वेळ सोडून देणं. पण तेच वजन माणसांच्या अंगावर असेल तर ते ढकलायला मदत करतं, बॉबमध्ये असेल तर ढकलावं लागतं. 85 किलोचे दोन पुशर आणि 30 किलो शिसं हा सौदा म्हणूनच तोट्याचा.

तपासणी फेरीनंतर खाली होते. मर्यादा ओलांडली की बाद. फेऱ्यांमध्ये दोन बाटल्या पाणी पिऊन काठावरचा संघ अडचणीत येऊ शकतो, त्यामुळे अनुभवी संघ किलो-दीड किलो मोकळे ठेवतात.

स्टार्ट कसा शिकवतात? त्यात काय बिघडतं?

हिरवा दिवा लागल्यावर सुटायला 60 सेकंद मिळतात. घड्याळ मात्र पहिल्या धक्क्याला सुरू होत नाही. ठोकळ्यापासून 15 मीटर पुढे वेळ मोजणारा पहिला प्रकाशकिरण असतो, तिथे सुरू होतं. त्यापुढच्या 50 मीटरांची वेळ म्हणजे 'स्टार्ट टाइम'. चांगल्या संघांचा तो ट्रॅकप्रमाणे 5 सेकंदांच्या थोडा इकडे-तिकडे असतो.

चौघांच्या बॉबला पायलट बाजूच्या दांड्यावर, दोन पुशर दोन बाजूंना आणि ब्रेकमन, म्हणजे सगळ्यात मागे बसून शेवटी ब्रेक ओढणारा, मागच्या दोन दांड्यांवर. पहिला धक्का चौघांचा एकाच क्षणी बसला पाहिजे. त्यासाठी ठरलेली हाक असते आणि ती उन्हाळाभर घोटतात. अर्धा क्षण पुढे-मागे झालं की बॉब सरळ न सुटता हिसका खाते आणि कुणाच्या तरी खांद्यातली ताकद वाया जाते. मग साधारण 25 ते 40 मीटर पळत ढकलायचं. आधी पायलट उडी मारतो, मग दुसरा, तिसरा, शेवटी ब्रेकमन. पायलट आणि बाजूचे पुशर आपापले दांडे आत दुमडतात, चौघं एकमेकांच्या मागे पाय पसरून, पाठ वाकवून दाटीवाटीने बसतात. तोवर बॉबचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो.

बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत. लवकर उडी मारली तर शेवटचे दोन ढकलण्याचे धक्के हुकतात. उशिरा मारली तर पाय मागे पडतात आणि माणूस दांड्याला धरून बॉबला उलट ओढतो. हे जास्त वाईट. उडी वरून धप्पकन पडली तर बॉब उसळते, रनर, म्हणजे बॉबखालच्या पोलादी पट्ट्या, बर्फातल्या खाचेतून बाहेर येतात आणि पहिल्या वळणाआधीच ती आडवी घसरते. एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटरीवर पडला तर बुटांखालच्या ब्रश स्पाइकच्या शेकडो बारीक सुया सूट फाडून आत जातात. पोटऱ्यांवर ठिपक्यांचे व्रण असलेला माणूस दिसला तर तो बहुधा चौघांच्या बॉबमधला.

स्टार्टला 0.1 सेकंद गमावला तर खाली पोचेपर्यंत त्याचे 0.3 होऊ शकतात, असा या खेळातला ढोबळ हिशोब आहे. प्याँगचांगला दोघांच्या स्पर्धेत चार फेऱ्यांनंतर जर्मनी आणि कॅनडा यांची एकूण वेळ शंभरावा भागही न हलता सारखी आली, 3:16.86, आणि दोघांना सुवर्ण द्यावं लागलं.

पुशरचा पायलट होता येतं का?

येतं, आणि बहुतेक पायलट तसेच होतात. कॅनडाच्या केली हम्फ्रीजची सुरुवात मागे बसूनच झाली होती. पुढे ती ऑलिम्पिक विजेती पायलट झाली.

वाट अशी: आंतरराष्ट्रीय महासंघाच्या किंवा एखाद्या ट्रॅकच्या बॉब शाळेत नाव घालायचं. सुरुवात वरून करू देत नाहीत. ट्रॅकला खाली ज्युनियर आणि त्याहून खालचे स्टार्ट असतात, तिथून कमी वेगाने सोडतात. रोज सकाळी बर्फावरून चालत प्रत्येक वळण पाहायचं: आत कुठे शिरायचं, उंची किती घ्यायची, बाहेर कुठे पडायचं. मग डोळे मिटून, हातात दोन कड्या आहेत असं धरून, अख्खा ट्रॅक मनात चालवायचा. स्टार्ट हाउसमध्ये हेल्मेट घातलेली माणसं डोळे मिटून हात हलवत डुलताना दिसली तर दचकू नका.

बॉबला स्टिअरिंग चाक नसतं. दोन कड्या, त्यांना दोऱ्या, त्या पुढच्या रनरच्या आसाला. हालचाल अगदी थोडी, दोन-चार सेंटिमीटरची. नवखा पायलट नेहमी जास्त ओढतो. जास्त ओढलं की रनर बर्फ खरवडतात, बॉब घसरते, मग ती सावरायला उलट बाजूला ओढायचं, तेही जास्त. दर वळणाला हे झालं की अर्धा सेकंद गेला. चांगला पायलट बॉबला जिथे जायचंय तिथे जाऊ देतो आणि फक्त गरज असेल तिथे हात लावतो. हे सांगून येत नाही, फेऱ्यांनी येतं.

मग फेऱ्या किती मिळतात?

इथेच चेक पायलटची खरी कसोटी. वर्ल्ड कपच्या एका आठवड्यात साधारण सहा सराव फेऱ्या, रोज दोन. शर्यतीत आणखी दोन. असे आठ आठवडे धरले तर 64 फेऱ्या. एक फेरी जेमतेम मिनिटभराची. म्हणजे अख्ख्या हंगामात कड्या हातात असण्याचा वेळ एक तास! यात दोघांची आणि चौघांची बॉब आली की आकडा वाढतो, तरी दोन-तीन तासांच्या पलीकडे जात नाही. दिवसाला वाटेल तितक्या फेऱ्याही मारता येत नाहीत. वळणांत शरीरावर 5 जीपर्यंत, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपट, भार येतो, मान आणि डोकं तीन-चार फेऱ्यांनंतर नाही म्हणतं.

ज्या देशाकडे स्वतःचा ट्रॅक आहे तिथला पायलट ऑक्टोबरात घरच्या बर्फावर आणि फेब्रुवारीनंतर उरलेल्या दिवसांत फेऱ्या वाढवत राहतो. अल्टेनबर्गपासून जवळच्या पिर्ना गावचा फ्रान्चेस्को फ्रीडरिख 2018 आणि 2022 ला दोन्ही प्रकारांत ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेला. गुणवत्ता त्याची आहेच, पण त्याच्या दारात ट्रॅक आहे हेही विसरू नये. सीमेच्या अलीकडे चाळीस किलोमीटरवर जन्मला असता, तर याच फेऱ्यांसाठी त्याला अर्ज करावा लागला असता.

त्यात जुलै 2021 च्या पुराने जर्मनीतल्या क्योनिगझेचा ट्रॅक उद्ध्वस्त केला आणि मध्य युरोपातला बर्फाचा वेळ आणखी आक्रसला.

अल्टेनबर्ग एवढा अवघड का मानतात?

1413 मीटर लांबी, 17 वळणं, आणि खालपर्यंत श्वास घ्यायला सरळ जागा फारशी नाही. एका वळणातून बाहेर पडता पडता पुढचं सुरू होतं, त्यामुळे वरची चूक खाली दुरुस्त करायला वेळ नाही.

मधलं क्रायझल हे जवळपास पूर्ण वर्तुळ फिरवणारं वळण. लांब वळणात बॉब एकाच उंचीवर राहत नाही; दाबाने वर चढते, उतरते, पुन्हा चढते. पायलटने हे चढ-उतार मोजून असे बसवायचे की बाहेर पडताना बॉब उतरणीवर असेल. हिशोब चुकला आणि ती चढणीवर असताना वळण संपलं, तर भिंत खालून निघून जाते आणि बॉब कुशीवर पडते. यावर उपाय बाहेर पडताना नसतो; चूक वळणात शिरतानाच झालेली असते. नवखे शेवटी जोरात ओढतात आणि काम बिघडवतात.

चेक खेळाडूंना एक फायदा मात्र होतो. जो अल्टेनबर्गला शिकला त्याला इग्ल्ससारखा 14 वळणांचा सौम्य ट्रॅक चालवताना घाम फुटत नाही. तोटा असा, की इग्ल्सला चालवणं सगळ्यांनाच जमतं, त्यामुळे तिथे निकाल स्टार्टवर आणि रनरवर लागतो.

रनरचं एवढं काय असतं?

चार पोलादी पट्ट्या, पुढच्या दोन वळणाऱ्या. पोलाद महासंघाने ठरवून दिलेलं, कोणताही लेप किंवा मेण चालत नाही. फरक पडतो तो वक्रतेने, जाडीने आणि पॉलिशने. गार, कडक बर्फावर बारीक रनर चालतात; हवा उबदार असून बर्फ मऊ असेल तर ते आत रुततात, तिथे रुंद, सपाट जोड हवा. एकच जोड घेऊन हंगाम निघत नाही, आणि एकेक जोड हजारो युरोंचा. श्रीमंत संघाच्या गाडीत रनरची पेटीच्या पेटी असते, छोट्या संघाकडे मोजके जोड आणि हवामानाचा अंदाज.

पॉलिशचं काम संध्याकाळी, रनर शिकंजात धरून. आदल्या फेरीचे ओरखडे आधी थोड्या खरखरीत कागदाने काढायचे, मग क्रमाक्रमाने बारीक कागद, शेवटी पॉलिशिंग पेस्ट. हात नेहमी लांबीच्या दिशेने; आडवा घासला की बर्फ धरतो. प्रत्येक कागद बदलण्याआधी पट्टी स्वच्छ पुसायची, नाहीतर आधीच्या कागदाचा एखादा कण राहतो आणि पुढचा तासभर तोच ओरखडा काढत बसावं लागतं. हे काम पुशरनाच करावं लागतं. छोट्या संघात वेगळा मेकॅनिक असणं ही चैन.

तापमानाचा नियम कडक आहे. एक नमुना रनर शर्यतीआधी तासभर उघड्या हवेत टांगून ठेवतात. तुमचा रनर त्याच्यापेक्षा 4 अंशांहून जास्त गरम निघाला की बाद. गरम रनर बर्फ वितळवून पुढे सरकतो म्हणून हा बंदोबस्त. त्यामुळे बॉब हीटर लावलेल्या गाडीतून शेवटच्या क्षणी उतरवणं धोक्याचं.

ब्रेकमन वळणांत ब्रेक लावतो का?

नाही. ब्रेक म्हणजे दात असलेली पट्टी, लिव्हर ओढला की बर्फात घुसते. ट्रॅकमध्ये लावला तर बर्फाला चर पडतात आणि मागून येणाऱ्यांची शर्यत खराब होते, म्हणून त्याला मनाई आहे. तो फक्त अंतिम रेषेनंतर ओढायचा.

बॉब उलटली तर?

पाठीवरून किंवा कुशीवरून ती घसरत खालपर्यंत जाते. नियम डोक्यात पक्का बसवतात: आतच राहायचं, हात आत, हनुवटी छातीला, पाय रोवून स्वतःला आत ओढायचं. बाहेर फेकला गेलेला माणूस परत येणाऱ्या स्वतःच्याच बॉबखाली येऊ शकतो, कारण पुढे चढावर थांबलेली बॉब पुन्हा मागे घसरते. डोक्याच्या माराइतकाच त्रास भाजण्याचा होतो. ताशी 120 च्या वेगाने खांदा बर्फावर घासला तर घर्षणाने कातडी भाजते. त्यासाठी सूटच्या आत केव्हलारचा बर्न व्हेस्ट घालतात. मोठ्या चुकीनंतर सगळे आत असताना बॉबने रेषा ओलांडली तर फेरी धरली जाते, उलटी असली तरीही.

चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं यापैकी काही असेल तर त्या दिवशी दुसरी फेरी नाही. पूर्वी हे हसण्यावारी नेत. आता निदान मोठ्या संघांत तरी नेत नाहीत.

यात पैसे मिळतात का?

बक्षिसांतून पोट भरत नाही. नवी दोघांची बॉब काही दहा हजार युरोंची, चौघांची त्याहून महाग. चेकसारखे संघ अनेकदा मोठ्या देशाची वापरलेली बॉब विकत घेतात, जी दोन हंगाम जुनी असली तरी चांगल्या स्थितीत असते. त्यावर ट्रॅकची फी, लांबलचक व्हॅन, डिझेल, हॉटेल.

खेळाडूला खरा आधार मिळतो तो सरकारी क्रीडा केंद्रांचा. संरक्षण मंत्रालयाचं 'डुक्ला', गृह मंत्रालयाचं 'ओलिम्प' आणि शिक्षण खात्यातून उभं राहिलेलं 'व्हिक्टोरिया' ही तीन नावं चेक खेळांत सारखी येतात. तिथे जागा मिळाली की पगार, डॉक्टर, व्यायामशाळा मिळते. आपल्याकडे सेनादल किंवा रेल्वे खेळाडूला सांभाळते, साधारण तसंच. पण जागा मोजक्या, आणि दरवर्षी निकाल पाहून ठरतात. मागे बसणाऱ्या नव्या पुशरला पहिली एक-दोन वर्षं स्वतःची नोकरी सांभाळूनच काढावी लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रजा देणारा मालक शोधणं हीसुद्धा एक पात्रता फेरीच.

वर्षाचं वेळापत्रक कसं असतं?

एप्रिल मोडतोड दुरुस्त करण्यात जातो. मे ते ऑगस्ट वजनं, स्प्रिंट आणि उड्या. बरेच जण उन्हाळ्यात ॲथलेटिक्सच्या स्पर्धाही पळतात. चाकांच्या बॉबवर ढकलणं उन्हाळ्यातच सुरू होतं, सप्टेंबरात संघातली जागा ठरवणाऱ्या चाचण्या. ऑक्टोबरात पहिला बर्फ. मग नोव्हेंबरपासून शर्यती.

शर्यतींचे थर आहेत: युरोप कप आणि नॉर्थ अमेरिकन कप, वर वर्ल्ड कप. नवा चेक पायलट युरोप कपमध्ये सुरू करतो, कारण तिथे ट्रॅक जवळ आणि खर्च कमी. ऑलिम्पिकसाठी देशांना कोटा मिळतो तो क्रमवारीवरून, आणि पायलटला ठरावीक संख्येच्या शर्यती वेगवेगळ्या ट्रॅकवर पूर्ण कराव्या लागतात. म्हणून ऑलिम्पिकआधीच्या हंगामात संघ गुणांचं गणित करून कुठे जायचं ते ठरवतात. कधी कधी वर्ल्ड कप सोडून खालच्या थरात गुण गोळा करणं शहाणपणाचं ठरतं. वर्ल्ड कपची शर्यत दोन फेऱ्यांची, जागतिक आणि ऑलिम्पिक चार फेऱ्यांची. चौथ्या फेरीत फक्त पहिले 20 उतरतात, त्यामुळे मधल्या फळीतल्या देशांसाठी विसावा क्रमांक हीच पहिली लढाई.

देश बदलता येतो का?

येतो, पण आधीच्या महासंघाची सुटका लागते, आणि ऑलिम्पिकसाठी नव्या देशाचं नागरिकत्वही. प्रागला जन्मलेली स्केलेटन (पालथं झोपून डोकं पुढे करून घसरण्याचा खेळ) खेळाडू आना फेर्नश्टेट 2018 ला जर्मनीकडून सहावी आली आणि नंतर चेक प्रजासत्ताकाकडून उतरू लागली. हम्फ्रीजने कॅनडा सोडून अमेरिका धरली.

उत्तेजक चाचणीचं काय?

वरच्या थरातल्या खेळाडूने रोजचा एक तास आणि ठिकाण आधी कळवायचं असतं. त्या वेळी चाचणी घेणारा येऊ शकतो. बारा महिन्यांत तीनदा हुकलं की नियमभंग धरतात. सतत व्हॅनमधून ट्रॅक बदलणाऱ्या खेळाडूचा हॉटेलचा पत्ता अपडेट करायचा राहून जातो, म्हणून पुष्कळ जण पहाटेचा तास निवडतात, जेव्हा ते नक्की अंथरुणातच असतात.

कारकीर्द किती चालते?

पुशरची साधारण आठ-दहा वर्षं. हॅमस्ट्रिंग आणि पाठ ठरवते. पायलट जास्त टिकतो, कारण त्याचं खरं भांडवल फेऱ्या, आणि त्या वयाबरोबर साठत जातात. इटलीचा युजेनियो मोंती 1968 ला चाळिसाव्या वर्षी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकून थांबला. चेक पायलटांच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच लागू होतो: दरवर्षी फेऱ्या कमी मिळतात, म्हणून तिशीच्या आसपास ते परिपक्व होतात, आणि नेमकं तेव्हाच घर, मुलं, नोकरी यांचे प्रश्न उभे राहतात. संघाला सगळ्यात महाग पडतं ते दहा वर्षं शिकलेल्या पायलटचं सोडून जाणं. पुशर दोन उन्हाळ्यांत तयार होतो.

ड्रेस्डेन किंवा प्रागला राहतो. शर्यत पाहायला कसं जायचं?

ड्रेस्डेनहून हाइडेनाउ, तिथून म्युग्लित्झच्या खोऱ्यातून जाणारी छोटी रेल्वे अल्टेनबर्गला नेते. हाइडेनाउपासून 38 किलोमीटरचा हा मार्ग वळणावळणाचा आहे आणि स्वतःच पाहण्यासारखा. स्टेशनपासून ट्रॅक काही किलोमीटर दूर, जंगलात आहे. शर्यतीच्या दिवशी बसची वेळ आधी पाहून ठेवा. प्रागहून गाडी सोयीची, पण घाटात हिवाळी टायर नसतील तर निघूच नका.

एका जागी उभं राहिलात तर बॉब सेकंद-दोन सेकंद दिसते. म्हणून पहिली फेरी स्टार्टला, दुसरी क्रायझलपाशी पाहा. स्टार्टला ढकलणं, हाका, उड्या जवळून दिसतात. क्रायझलला पायलट किती उंचीवरून बाहेर पडतो ते लक्षात ठेवा आणि मग पडद्यावर त्याची वेळ बघा, संबंध लगेच कळतो. तीन तास बर्फाळ काँक्रीटशेजारी उभं राहायचं आहे. जाड तळव्याचे बूट आणि दोन जोड मोजे घ्या, थंडी पायांतून चढते.

प्रशिक्षित पायलटच्या मागे बसून खाली येण्याची सोयही तिथे आहे. आधी नोंदणी लागते. मान, पाठ, हृदय यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी बसू नये. चष्मा काढून ठेवा, खिसे रिकामे करा, मान ताठ ठेवून खांदे वर ओढा. फेरीच्या अर्धा तास आधी पोटभर जेवू नका.